आबांचे ३६० शेअर्स आणि समुद्राखालचं तेल

आधीच सांगून टाकते. मराठी विभागात मी पहिल्यांदाच लिहितेय. शाळा कॉन्व्हेंटची. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि निबंधाचे ठरलेले तीन विषय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय तसा रुक्ष आहे, शेअर्सचा. पण हा सगळा वाद आमच्या घरात मराठीतच झाला, म्हणून लिहिणंही मराठीतच.

२०२५ ची दिवाळी. आम्ही सगळे उरणला आबांकडे. आबा म्हणजे माझे आजोबा, वय वर्षं ऐंशी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांच्या घराच्या छपराचे वासे कुजलेत. दर पावसाळ्यात माजघरात बादल्या मांडाव्या लागतात. बाबांचं म्हणणं असं, की आबांकडे ओएनजीसीचे शेअर्स पडून आहेत, ते विकावेत आणि छप्पर करून घ्यावं. आबांचं म्हणणं, "नाही." एवढंच. कारण सांगत नाहीत. मग आत्या म्हणाली, "ही इंजिनीयर होतेय ना, विचारा की हिला!"

आता कोणी असं म्हटल्यावर गप्प बसेल तो इंजिनीयरिंगचा विद्यार्थी कसला? मी मोबाईलवर भाव बघितला आणि चकली खाता खाता निकाल दिला. "आबा, तुम्ही २००४ साली साडेसातशेच्या आसपास घेतलेत. आज अडीचशेच्या आसपास आहे. म्हणजे दोन-तृतीयांश पैसे गेले. अजून कशाची वाट बघताय?"

आबा काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक जुनी फाईल घेऊन आले. फाईलमध्ये सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रुपयाची नोट. (पुढे कधी एक रुपयाची नोट हातात आली तर मागची बाजू बघा. समुद्रात उभी असलेली जी रिग आहे ती 'सागर सम्राट'. तिनेच १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल शोधलं.) नोटेखाली कागद. मार्च २००४ मध्ये सरकारने ओएनजीसीतला आपला दहा टक्के हिस्सा लोकांना विकला, तेव्हा रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेले ४० शेअर्स. तीस हजार रुपये. मग २००६ चं पत्र, दोनास एक बोनस, झाले ६०. २०११ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे पाच-पाचचे दोन केले, झाले १२०. त्यावर एकास एक बोनस, २४०. २०१६ मध्ये परत दोनास एक. ३६०.

म्हणजे आबांना एक शेअर पडला त्र्याऐंशी रुपयांना, साडेसातशेला नव्हे! माझी चकली घशात अडकली.

"हिशोब चुकला त्याचं काही नाही," आबा म्हणाले, "पण तू कंपनी बघितलीच नाहीस. नुसता भाव बघितलास. जा, अभ्यास कर आणि मग सांग, विकू की ठेवू."

सेमिस्टरभर मी तो अभ्यास केला (सबमिशन्स सांभाळून!). आबांकडे येणारे वार्षिक अहवाल वाचले, लायब्ररीतली पेट्रोलियमची पुस्तकं चाळली, आमच्या सरांना छळलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडतेय. मी कोणी सल्लागार नाही, त्यामुळे हे वाचून कोणी आपली मेस डिपॉझिट बाजारात घालू नये.

आधी आबांचा नफा. त्र्याऐंशीचे अडीचशे म्हणजे तिप्पट, छान वाटतं. पण वीसेक वर्षं लागली. तीस हजार सात टक्क्यांनी फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवले असते तर वीस वर्षांत चक्रवाढीने एक लाख सोळा हजार झाले असते. शेअर्सचे, तीनशे रुपये भाव धरला तरी, एक लाख आठ हजार होतात. (ऑगस्ट २०२४ मध्ये भाव तीनशेच्या वर गेला होता.) आणि मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या घबराटीत, भाव साठच्याही खाली होता. त्या दिवशी सोळा वर्षांनंतर आबांचे तीस हजार एकवीस हजारांवर आले होते! आबांना तारलं ते लाभांशाने. २०२३-२४ सालचा लाभांश शेअरमागे सव्वाबारा रुपये, म्हणजे ३६० शेअर्सवर ४,४१० रुपये, त्र्याऐंशीच्या खरेदीवर वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के. म्हणून भाव एकटा बघू नये, हे पहिलं. आता कंपनी.

टाकी नव्हे, स्पंज

माझी समजूत अशी होती की समुद्राखाली तेलाचं मोठं तळं असतं आणि त्यात नळी घातली की तेल वर. तुमचीही असेल. प्रत्यक्षात तळंबिळं काही नसतं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, समुद्रतळाच्या खाली खोलवर चुनखडीचा दगड आहे. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत तेल अडकलेलं आहे. भिजलेला स्पंज ग्लासात ठेवा आणि स्ट्रॉने ओढून बघा. सुरुवातीला येतं, मग येईनासं होतं, पण स्पंज ओलाच राहतो. जगभरातल्या तेलक्षेत्रांची सरासरी घेतली तर दगडातलं साधारण एक-तृतीयांश तेल वर निघतं. बाकीचं तिथेच. दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत ढकलतात, तेल पुढे सरकतं, पण काही वर्षांनी तेच पाणी विहिरीतून तेलाबरोबर परत यायला लागतं.

म्हणून कोणी म्हणालं की "इतकं तेल सापडलं", तर पहिला प्रश्न असा विचारायचा: दगडात असलेलं, की वर निघणारं? वर्तमानपत्रात मथळा होतो पहिल्याचा. शेअरहोल्डरला पैसे मिळतात दुसऱ्यातून.

आणि दुसऱ्यातही तीन प्रकार. इथे मात्र आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपण सगळे सीजीपीएचे बळी आहोत. समजा घरून फोन आला, "या वेळी किती पडतील?" नव्वद टक्के खात्रीने मी सांगू शकते साडेसहा. पडले तर जास्तच, कमी नाही. साडेसात पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आणि नऊ पडायची शक्यता दहा टक्के, पेपर मनासारखा आला, तपासणारे सर त्या दिवशी खूश असले, तर. तेलवाले या तिघांना वन-पी, टू-पी आणि थ्री-पी म्हणतात. पहिला साठा 'सिद्ध', दुसऱ्यात 'संभाव्य' मिळवलेला, तिसऱ्यात 'शक्य' तेवढा सगळा मिळवलेला. अहवालात आकडा दिसला की तो कुठला पी आहे ते आधी शोधायचं. घरी मावशी-काकूंना आपण थ्री-पी सांगतो आणि निकाल लागतो वन-पीचा, हे तुम्हाला माहीत आहेच!

याचं जिवंत उदाहरण आपल्याच देशात घडलं. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, रिलायन्सला २००२ मध्ये गॅस सापडला, तो केजी-डी६ ब्लॉक. २००४ च्या आराखड्यात दिवसाला ४ कोटी घनमीटर गॅस काढायचं ठरलं होतं. २००६ मध्ये आराखडा बदलला: दिवसाला ८ कोटी घनमीटर, खर्च २४० कोटी डॉलरवरून ८८० कोटी डॉलरवर, आणि वर निघू शकणारा गॅस दहा ट्रिलियन घनफूट. एप्रिल २००९ मध्ये गॅस सुरू झाला. २०१० मध्ये उत्पादन सहा-सात कोटींच्या घरात पोचलं आणि तिथूनच खाली यायला लागलं. २०१३ संपेपर्यंत दीड कोटीच्याही खाली! दहाचा आकडा तोवर तीनच्या आसपास उतरवला गेला होता. कंपनी म्हणाली, भूगर्भ अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. सरकारी संचालनालय म्हणालं, ठरल्याइतक्या विहिरी खणल्या नाहीत. भांडण लवादापर्यंत गेलं. मूळचे ते दोन गॅसक्षेत्र फेब्रुवारी २०२० मध्ये बंदच पडले.

रिलायन्सच्या शेअरहोल्डरचं यात फार बिघडलं नाही, कारण त्या कंपनीची रिफायनरी होती, बाकी धंदे होते. पण याच ब्लॉकमध्ये दहा टक्के हिस्सा असलेली कॅनडातली एक छोटी कंपनी होती, निको रिसोर्सेस. तिची मुख्य भिस्त या गॅसवर. त्या भरवशावर कर्ज काढून तिने इतर देशांत शोधकामही सुरू केलं. २०१० मध्ये तिचा शेअर शंभर कॅनेडियन डॉलरच्या वर होता. २०१५ मध्ये एका डॉलरच्या खाली. शेवटी ब्लॉकच्या खर्चातला आपला वाटा भरणंही तिला जमेना आणि तिचा हिस्सा रिलायन्स आणि बीपीकडे गेला. टोरांटोत बसलेल्या कोणा रिटायर्ड मास्तरांनी तो शेअर शंभरला घेतला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांनी काय चूक केली? गॅस होता, कंपनी खरी होती, भागीदार मोठे होते. चुकला तो एक अंदाज, आणि त्यांच्या कंपनीकडे दुसरं काही नव्हतं.

(त्या ब्लॉकची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. डिसेंबर २०२० पासून जवळपासच्या नव्या क्षेत्रांतून तिथे पुन्हा गॅस यायला लागला. निकोच्या शेअरहोल्डरसाठी फार उशिरा.)

उतरत्या रेघेवर वाढ

आता आबांची कंपनी. मुंबई हायचं तेल मे १९७६ मध्ये सुरू झालं. पाइपलाइनने ते उरणला येतं. आबा सांगतात, प्लँटच्या ज्वाळेने रात्री आकाश तांबूस व्हायचं आणि गावातली म्हातारी माणसं म्हणायची, सरकारने समुद्राला आग लावली. १९८० च्या दशकात मुंबई हाय भरात होतं. त्यानंतर उतार. सगळ्याच तेलक्षेत्रांचं हे असतं, त्यात कोणाचा दोष नाही. ओएनजीसीने २०१३-१४ मध्ये स्वतःच्या क्षेत्रांतून सुमारे २२ दशलक्ष टन कच्चं तेल काढलं. दहा वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, सुमारे १८.

मला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की याच काळातल्या अहवालांत कंपनी सांगते, आम्ही जितकं तेल-गॅस काढलं त्याहून जास्त नवा साठा दरवर्षी जोडला. मग उत्पादन का घटतं? मी सरांना विचारलं. सर हसले आणि म्हणाले, "तुझ्या कपाटात पुस्तकं वाढली की मार्क वाढतात का?" नवा साठा बहुतेक वेळा टू-पीत मोजलेला असतो, लहान लहान ठिकाणी विखुरलेला, आणि वर यायला प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, पैसा, वर्षं लागतात. जुनी मोठी विहीर मात्र आजच आटत असते.

आता सगळ्यात मजेशीर भाग. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपीला तांत्रिक मदतनीस म्हणून निवडलं. दहा वर्षांचं काम. उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असं जाहीर झालं. ते वाचून बाबासुद्धा म्हणाले, "मग ठेवूया की शेअर्स!" पण घोषणेत एक छोटा शब्द आहे: बेसलाईनपेक्षा. बेसलाईन म्हणजे काहीच नवीन केलं नाही तर जे उत्पादन झालं असतं ते. आणि ती रेघ उतरती असते.

वहीत करून बघा. आजचं उत्पादन १०० धरा. उतार वर्षाला सात टक्के धरा (हा सात मी उदाहरणापुरता घेतलाय, मुंबई हायचा म्हणून नव्हे). दहा वर्षांनी बेसलाईन उरते ४८. तिच्यावर साठ टक्के वाढ म्हणजे ७७. म्हणजे साठ टक्के वाढूनसुद्धा आजच्या १०० पेक्षा कमीच! याचा अर्थ घोषणा खोटी आहे असं मुळीच नाही. ४८ ऐवजी ७७ मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर बीपीची फीसुद्धा जास्तीच्या उत्पन्नातूनच जायची आहे. पण 'वाढ' हा शब्द ऐकून आपण चढती रेघ डोळ्यांसमोर आणतो, ती चूक.

वेळेचाही असाच हिशोब. काकीनाड्याच्या समोर खोल समुद्रात ओएनजीसीचा ९८/२ नावाचा ब्लॉक आहे. २०१६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, सुमारे पाचशे कोटी डॉलरचा खर्च, आणि तेल मार्च २०२० पर्यंत येईल असं सांगितलं गेलं. आलं ७ जानेवारी २०२४ ला. मध्ये कोरोना होता, जहाज आणि यंत्रं यायला उशीर झाला, कारणं खरी आहेत. पण इंजिनीयरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरात आपण जे गणित पाठ करून येतो ते इथे लावा: २०२० मध्ये मिळायचे १०० रुपये २०२४ मध्ये मिळाले, तर दहा टक्के दराने त्यांची २०२० ची किंमत ६८. तेल तेवढंच, भावही तोच धरला, तरी बत्तीस रुपये नुसते वाट बघण्यात गेले. त्या पेपरला मी 'रट्टा मारून पास होण्याचा विषय' म्हणायचे. शब्द मागे घेते.

रांगेत सगळ्यात शेवटी कोण?

इथपर्यंत मला वाटत होतं की तेल किती आणि कधी एवढं कळलं की झालं. पण आबांच्या फाईलमधल्या एका कात्रणाने माझी झोप उडवली. २०१३-१४ सालाबद्दलचं ते कात्रण. त्या वर्षी कच्च्या तेलाचा भाव बॅरलला शंभर डॉलरच्या वर. तेल काढणाऱ्या कंपनीची चांदी व्हायला हवी ना? ओएनजीसीच्या हातात बॅरलमागे उरले चाळीसच्या आसपास.

झालं असं, की डिझेल, रॉकेल आणि घरगुती सिलिंडर तेव्हा खर्चापेक्षा स्वस्त विकले जात. विकणाऱ्या कंपन्यांना तोटा व्हायचा. त्यातला काही सरकार भरायचं, आणि काही ओएनजीसीने आपलं तेल त्यांना सवलतीत देऊन भरायचा. त्या एका वर्षात ओएनजीसीने दिलेली सवलत छप्पन्न हजार कोटी रुपयांच्या वर होती! मेसचा तोटा भरून काढायला कॅन्टीनवाल्याच्या गल्ल्यातून पैसे काढले तर कॅन्टीनवाला काय म्हणेल?

त्याहून वाईट पुढे. २०१४ नंतर तेलाचा भाव कोसळला, जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली गेला. सवलतीची प्रथा बंद झाली खरी, पण आता भावच नव्हता. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने भाव परत शंभरावर गेला, तर १ जुलै २०२२ पासून सरकारने जादा नफ्यावरचा कर लावला, टनाला २३,२५० रुपये. टनात साधारण साडेसात बॅरल असतात, म्हणजे तेव्हाच्या दराने बॅरलमागे जवळजवळ चाळीस डॉलर. पुढे तो कमी-जास्त होत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. याशिवाय जुन्या क्षेत्रांच्या तेलावर २० टक्के उपकर, वर रॉयल्टी. गॅसचा भावही सरकारी सूत्राने ठरतो, ऑक्टोबर २०२० मध्ये तो १.७९ डॉलरवर आला होता, आणि कंपनी म्हणत होती की यात आमचा खर्चही निघत नाही.

थोडक्यात, भाव वर गेला की वर झाकण, आणि खाली आला की खाली काहीच नाही. परदेशातली तेल कंपनी तोलायचं जे सूत्र पुस्तकात आहे, त्यात तेलाचा भाव घातला की नफा बाहेर येतो. आबांच्या कंपनीला ते सूत्र जसंच्या तसं लावलं तर उत्तर चुकणारच.

यावर मी आबांना फोन केला, जरा तावातावानेच. म्हटलं, हा तर शेअरहोल्डर्सवर अन्याय आहे! आबा म्हणाले, "त्या वर्षांत आपल्या घरी सिलिंडर कितीला यायचा, आठवतं का? नाही आठवणार, तू प्राथमिकमध्ये होतीस. माझ्या चाळीस शेअर्सचं जे गेलं ते तुझ्या आजीच्या शेगडीत आलं." मला पटकन उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. एक मात्र खरं, की सवलतीचा सगळ्यात मोठा फटका सगळ्यात मोठ्या शेअरहोल्डरला, म्हणजे सरकारलाच बसत होता. फरक इतकाच की सरकारला एका खिशातून काढून दुसऱ्यात घालता येतं. आबांना एकच खिसा.

सरकारकडे आज ५८.८९ टक्के हिस्सा आहे. म्हणजे मतदान काहीही झालं तरी निकाल आधीच लागलेला. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने सरकारकडून हिंदुस्तान पेट्रोलियमचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला आणि त्यासाठी कर्ज काढलं. तेल शोधणाऱ्या कंपनीला पेट्रोलपंपांची कंपनी हवी होती का? हवी असेलही, भाव पडले की रिफायनरी हात देते. पण तो पैसा नव्या विहिरींत गेला असता तर, हा प्रश्न ३६० शेअर्सवाल्याने कुठे विचारायचा?

आणखी दोन खर्च अहवालात शेवटच्या पानांवर असतात. एक, समुद्रात उभा केलेला प्रत्येक प्लॅटफॉर्म एक दिवस काढावा लागतो. खारं पाणी लोखंडाला काय करतं ते आपण करोजनच्या प्रॅक्टिकलला बघितलंय. भारतात समुद्रातले असे प्लॅटफॉर्म पहिल्यांदा काढले गेले ते तापी क्षेत्रात, अलीकडेच. मुंबई हायचे कितीतरी प्लॅटफॉर्म माझ्या बाबांच्या वयाचे आहेत. पैसे बाजूला ठेवलेले असतात, पण विहीर आटल्यावर खर्च करायचा असतो, हे लक्षात ठेवायचं.

दुसरा खर्च रुपयांत मांडतात, पण मला तसा मांडवत नाही. २७ जुलै २००५, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला उतरवायला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला लागलं आणि खवळलेल्या समुद्रात त्याच्या पाइपवर आदळलं. आग लागली. अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला, बावीस माणसं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला, सत्तरहून अधिक कामगार गेले. आबांचे काही विद्यार्थी तिकडे कंत्राटावर असतात. दोन्ही वेळा आबा रात्रभर फोन करत होते. माणसं मिळाली, त्यांची सगळी मिळाली. अहवालात अशा घटनेखाली विम्याची रक्कम असते. मी तो आकडा वाचला आणि पान उलटलं.

तर हा अभ्यास. मार्चमध्ये मी उरणला गेले आणि आबांसमोर वही ठेवली. मी म्हटलं, "आबा, कंपनी बुडणारी नाही. लाभांश देते, देत राहील असं वाटतं. पण तेल उतरतं आहे, नवीन आहे ते उशिरा येतं, आणि भाव चढला तरी आपल्यापर्यंत येईलच असं नाही. त्यामुळे हे 'ठेवलं की वाढेल' असं समजून ठेवू नका. गाईसारखं समजा. दूध देते तोवर ठीक, गाय विकून बंगला होणार नाही."

"आणि छप्पर?"

"छप्पर गळतंय ते बेसलाईनवर आहे," मी म्हटलं, "दरवर्षी जास्त गळणार."

आबांनी वही चष्म्याजवळ धरून ७७ वालं गणित दोनदा तपासलं. एका ठिकाणी मी दशांश चिन्ह चुकवलं होतं, ते लाल पेनने गोल केलं. मग म्हणाले, "दोनशे विकू. एकशे साठ ठेवू."

"का, बीपीची दहा वर्षं बघायला?"

"हो. तेव्हा मी नव्वदचा. माझीही बेसलाईन उतरतीच आहे, बघू साठ टक्के वाढते का."

स्लिप भरली. आठ दिवसांनी परत आली. २००४ ची सही आणि आताची सही जुळत नाही म्हणे, आबांचा हात थरथरतो. आता बँकेतून सही पडताळून आणायची आहे. वासे आणि कौलं मात्र बाबांनी आधीच सांगून ठेवली आहेत, पावसाच्या आत व्हायला हवीत.